हँडल काढून मोटर लावण्याआधी: छोटं मिलिंग मशीन कॉम्प्युटरवर नेताना

मिलिंग मशीनची, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणाऱ्या मशीनची, तीन हँडलं काढायची, त्या जागी तीन मोटर बसवायच्या, मोटरच्या वायर एका पेटीत न्यायच्या आणि पेटी कॉम्प्युटरला जोडायची, की मशीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आकड्यांवर चालणारं, झालं. वर्णन म्हणून यात चूक काही नाही. पण एवढ्याच समजावर काम सुरू केलं तर मशीन हलतं, पडद्यावर आकडे पळतात आणि जॉब, म्हणजे कापून निघणारा नग, मात्र मापात येत नाही. मग लोक मोटर बदलतात, सॉफ्टवेअर बदलतात, पैसे घालत राहतात. दोष बहुतेक वेळा लोखंडात असतो आणि तो आधीपासूनच असतो. आजवर कारागिराच्या हाताने तो झाकलेला असतो.

हात नेमकं काय झाकतो ते कळलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

टेबल २० मिमीवरून पुढे गेलं असेल आणि परत २० वर आणायचं असेल, तर चांगला कारागीर मागे फिरून थेट २० वर थांबत नाही. तो १८ पर्यंत मागे जातो आणि मग पुन्हा पुढे येत २० गाठतो, कारण स्क्रू आणि नट यांच्यात प्ले, म्हणजे थोडी मोकळी जागा, आहे हे त्याच्या मनगटाला माहीत असतं. टेबल मधल्या भागात सैल आणि टोकांना जड चालतं, हेही त्याला ठाऊक असतं. कटरचा आवाज बदलला की हात आपोआप हळू होतो. टेबल पुढे-मागे (वाय) नेत कट घेताना तो डाव्या-उजव्या चालीचं (एक्स) लॉक आवळून ठेवतो. ड्रॉइंगवर यातलं काहीही लिहिलेलं नसतं.

कॉम्प्युटर फक्त एक निरोप पाठवतो: एक्स अक्षावर अमुक इतकं सरक. टेबल खरंच तितकं सरकलं का, मध्ये अडलं का, कटर ओरडतोय का, यातलं त्याला काहीच समजत नाही. म्हणून हात जे सांभाळून घेत होता, ते सगळं मशीनमध्येच दुरुस्त करून द्यावं लागतं. माझ्या मते या कामाचा निम्म्याहून जास्त भाग हाच आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा भाग उरलेल्या निम्म्यात बसतो.

मुंबईत हा प्रश्न पुन्हा पुन्हा का येतो

साकीनाका, वागळे इस्टेट, वसईचा वालीव पट्टा, लोअर परळचे जुने कंपाउंड, कुठेही जा, छोट्या गाळ्यांची अडचण सारखीच असते. तयार व्हीएमसी मशीन, म्हणजे कारखान्यातूनच सीएनसी म्हणून येणारं उभं मिलिंग मशीन, काही टनांचं असतं. त्याला तळमजला लागतो, थ्री-फेज कनेक्शन लागतं, क्रेन आत शिरेल एवढी वाट लागते. दुसऱ्या मजल्यावर, सिंगल फेजवर चालणाऱ्या गाळ्यात ते येऊच शकत नाही. छोटं बेंच मिल मात्र गुड्स लिफ्टमधून वर जातं. पार्टी दोन नग, पाच नग, कधी एखादाच फिक्स्चर (जॉब धरून ठेवायचा साचा) करायला देते. गोलाई असलेला खाचा, तिरकी पॉकेट, अक्षरं कोरलेली प्लेट, अशी कामं हाताने करणं किती जिकिरीचं असतं ते करणाऱ्यालाच माहीत. अशा ठिकाणी रूपांतराला अर्थ आहे. रोज शेकडो नग काढायचे असतील तर नाही. तिथे ते काम बाहेर जॉबवर्कला देणं परवडतं.

हाती असलेल्या मशीनचं रूपांतर करणं हा दुय्यम मार्ग आहे असं कुणाला वाटत असेल, तर इतिहास वेगळं सांगतो. अमेरिकेतले जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या मापावर काम करत होते. आकार इतका वळणदार होता की बिंदूंची गणितं करून मशीन चालवायची कल्पना त्यांना सुचली. पुढे एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंग मशीन लोकांपुढे मांडलं. ते नव्याने ओतून घडवलेलं नव्हतं. सिनसिनाटी कंपनीचं हायड्रोटेल नावाचं तयार मिलिंग मशीन घेऊन त्यात बदल केलेले होते. सूचना छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवर असत आणि व्हॅक्यूम ट्यूबांची कपाटं शेजारी उभी असत. म्हणजे सीएनसीची सुरुवातच रूपांतरातून झाली.

प्ले: सगळ्यात आधी हा मोजा

मशीनचे तीन अक्ष. टेबल डावी-उजवीकडे जातं तो एक्स, सॅडल पुढे-मागे जातं तो वाय, आणि हेड (कटर फिरवणारा वरचा भाग) किंवा नी (टेबलाखालचा आधार) वर-खाली होतं तो झेड. एक सूचना इथेच: हेड गोल खांबावर चढणारं मशीन असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. हेड वर-खाली करताना ते खांबाभोवती किंचित फिरतं आणि आधीचं केंद्र हरवतं. डवटेल, म्हणजे तिरक्या कडांची सरकखाच, असलेल्या चौकोनी खांबाचं मशीन घ्या.

आता प्ले, म्हणजे बॅकलॅश. डायल गेज (बारीक सरकणं सुईने दाखवणारं मापक) मॅग्नेटिक बेसवर लावा आणि टोक टेबलाला टेकवा. हँडल एका दिशेला फिरवत डायल शून्यावर आणा. आता उलट फिरवायला लागा आणि डायलची सुई हलायला लागेपर्यंत हँडलवरच्या रिंगचे किती भाग गेले ते मोजा. तेवढा प्ले. वापरलेल्या छोट्या मशीनवर ०.१ ते ०.३ मिमी सहज सापडतो. हे मोजमाप टेबलाच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना वेगवेगळं घ्या, कारण स्क्रू मधल्या भागात जास्त झिजलेला असतो.

कॉम्प्युटरच्या कामात हा प्ले इतका त्रास का देतो? वर्तुळ कापायचं उदाहरण घ्या. कटर गोल फिरत असताना एक्स आणि वाय दोन्ही सतत चालू असतात. वर्तुळाच्या चार जागी, घड्याळातल्या तीन, सहा, नऊ आणि बाराच्या ठिकाणी, एक अक्ष थांबून उलट दिशा घेतो. नेमक्या त्या क्षणी मोटर फिरते, स्क्रू फिरतो, पण प्ले संपेपर्यंत टेबल जागचं हलत नाही. तेवढ्या वेळात दुसरा अक्ष पुढे गेलेला असतो. परिणामी त्या चार जागी सपाट डाग किंवा छोट्या पायऱ्या उमटतात. बेअरिंग बसवायचं भोक असं निघालं तर तो नग भंगारात.

दुसरा प्रश्न कटिंगच्या दिशेचा. कटर ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला जॉब जात असेल तर कटर जॉबला आपल्याकडे ओढतो. याला क्लाइम्ब मिलिंग म्हणतात. फिनिश छान येतो आणि सीएनसीवर बहुतेक काम असंच करतात. पण नटात प्ले असेल तर टेबल तेवढ्या अंतराने एकदम पुढे खेचलं जातं, दातावर दुप्पट-तिप्पट माल येतो आणि बारीक एंडमिल (बाजूने आणि टोकाने कापणारा कटर) तुटते. जुने कारागीर हाताच्या मशीनवर क्लाइम्ब टाळतात, ते उगाच नाही.

सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश कॉम्पेन्सेशन नावाची सोय असते. दिशा बदलली की प्लेएवढं अंतर ते जास्तीचं फिरवून देतं. भोकं पाडायच्या कामात याचा उपयोग होतो, कारण टेबल जागेवर पोहोचल्यानंतर ड्रिल उतरतो. बाजूने कट घेताना मात्र कटरचा जोर टेबलाला त्या मोकळ्या जागेत हवं तिकडे ढकलू शकतो आणि सॉफ्टवेअर तिथे काही करू शकत नाही. प्ले लोखंडातूनच काढावा लागतो.

बॉल स्क्रू आणि त्याच्याबरोबर येणारी जबाबदारी

हाताच्या मशीनवर ट्रॅपेझॉइडल आट्यांचा स्क्रू आणि पितळी किंवा ब्राँझचा नट असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासत जातात. बॉल स्क्रूमध्ये आट्यांच्या खाचेत पोलादी गोळ्या असतात, त्या गडगडत जातात आणि नटातल्या वाटेने परत फिरून येतात. घर्षण कमी झाल्याने मोटरची ताकद वाया जात नाही. घासणाऱ्या स्क्रूची कार्यक्षमता साधारण ३० ते ४० टक्के, बॉल स्क्रूची ९० टक्क्यांच्या आसपास.

याचा अर्थ आकड्यांत बघू. मोटर १ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतेय आणि स्क्रूची पिच, म्हणजे एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर, ५ मिमी आहे. बॉल स्क्रूवर टेबल ढकलायला सुमारे ११५ किलोचा जोर मिळतो. ३० टक्क्यांच्या जुन्या स्क्रूवर त्याच मोटरचा जोर ४० किलोच्याही आत राहतो. मोठी मोटर घ्यायला निघालेल्या माणसाने हा हिशेब आधी करावा.

छोट्या मशीनसाठी बाजारात सर्रास मिळतो तो १६०५, म्हणजे १६ मिमी व्यासाचा आणि ५ मिमी पिचचा. सी७ ग्रेडचा रोल केलेला स्क्रू ३०० मिमी लांबीत ०.०५ मिमीपर्यंत चुकू शकतो. गाळ्यातल्या बहुतेक कामांना ते पुरेसं आहे. ही चूक ठरावीक असते, त्यामुळे मोजून सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्तही करता येते. एकाच नटाच्या स्वस्त स्क्रूमध्ये थोडा प्ले असतोच. जमेल तर डबल नट घ्या, किंवा किंचित मोठ्या गोळ्या भरून प्ले काढलेला नट मागून घ्या.

नट चांगला घेतला आणि स्क्रूच्या टोकाला साधी बेअरिंग बसवली तर सगळा खर्च पाण्यात. स्क्रू स्वतःच पुढे-मागे सरकत असेल तर तोही प्लेच. मोटरच्या बाजूला अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची (स्क्रूच्या लांबीच्या दिशेचा दाबही पेलणाऱ्या) जोडी हवी, एकमेकांवर दाबून बसवलेली. दुसऱ्या टोकाला नुसता आधार पुरतो. ते टोक मोकळं राहिलं पाहिजे, म्हणजे स्क्रू गरम होऊन लांबला तर वाकणार नाही.

आता जबाबदारी. घासणारा स्क्रू स्वतःला धरून ठेवतो. हेड कितीही जड असो, हँडल सोडलं तरी खाली येत नाही. बॉल स्क्रू तसा धरत नाही. मोटरची वीज गेली की वीस-पंचवीस किलोचं हेड स्क्रूला उलटं फिरवत खाली येतं, खाली जॉब असो की कुणाचा हात. पावसाळ्यात मुंबईच्या एखाद्या इस्टेटीतला फीडर ट्रिप होणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. झेडला ब्रेक असलेली मोटर लावा, किंवा हेडचं वजन तोलायला काउंटरवेट किंवा गॅस स्प्रिंग लावा. काही जण झेडला जुनाच ट्रॅपेझॉइडल स्क्रू ठेवतात. छोट्या मशीनवर हा निर्णय अगदी शहाणपणाचा आहे, कारण हेडचं वजन नटाला कायम एकाच बाजूला दाबून ठेवतं आणि प्ले फारसा जाणवत नाही.

बॉल स्क्रूमुळे आणखी एक बदल होतो. टेबल इतकं हलकं चालतं की मोटर बंद असताना कटरच्या धक्क्यानेही सरकतं. म्हणजे रूपांतर केल्यावर जुन्या पद्धतीने हाताने काम करणं जवळजवळ संपतं. त्याची जागा एमपीजी घेते. ते हातात धरायचं छोटं चाक असतं, एका फेऱ्याला १०० पल्स (विजेचे छोटे ठोके) देतं आणि मोटरच्या मार्फत टेबल सरकवतं. मोटरच्या मागच्या टोकाला जुनं हँडल बसवून ठेवायचा मोह होतो. तो टाळा. वेगात फिरणारं ते हँडल बोटं मोडू शकतं.

डवटेल आणि गिब (डवटेलच्या फटीत बसणारी, चाल घट्ट-सैल करणारी पट्टी) यांबद्दल थोडक्यात. गिब सैल असेल तर टेबल तिरकं होतं, फार आवळलं तर चिकटून चालतं: मोटर थोडी फिरेपर्यंत हलत नाही आणि मग उडी मारतं. ०.०१ मिमीचं सरकणं अशा टेबलाकडून होत नाही. टेबल काढा, ब्ल्यू (उंच जागा दाखवणारा निळा रंग) लावून घासून बघा, उंच जागा स्क्रेपरने उतरवा. हे काम येणारे वयस्कर फिटर अजून मुंबईत आहेत. त्यांच्याकडून एक दिवस शिकून घेता आलं तर त्याची किंमत मोटर चालवणाऱ्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हरपेक्षा जास्त आहे.

आणि मशीन खोलण्याआधी एक काम विसरू नका. मोटर बसवायच्या प्लेट, बेअरिंगची घरं, नटाचा ब्रॅकेट, हे सगळं त्याच मशीनवर हाताने करून घ्या. एकदा मशीन सुटं झालं की ते करायला मशीनच उरत नाही.

मोटर

बहुतेक रूपांतरांत स्टेपर मोटर वापरतात. ती सलग फिरण्याऐवजी ठरलेल्या पावलांनी फिरते. भिंतीवरच्या क्वार्ट्झ घड्याळाचा सेकंद काटा टकटक पुढे सरकतो, त्याच्यामागेही एक चिमुकली स्टेपर मोटरच असते. मशीनवरची मोटर एका फेऱ्यात २०० पावलं घेते, प्रत्येक पाऊल १.८ अंशाचं. मोटरला वीज पोचवणारा ड्रायव्हर एका पावलाचे आणखी तुकडे करू शकतो. दहा तुकडे केले तर फेऱ्याला २,००० पल्स लागतात, आणि ५ मिमी पिचच्या स्क्रूवर १ मिमीला ४०० पल्स. एक पल्स म्हणजे अडीच मायक्रॉन. मशीन अडीच मायक्रॉन अचूक झालं असं मात्र समजू नका. हे तुकडे मुख्यतः चाल गुळगुळीत करण्यासाठी असतात, जोर लागला की मोटर त्यातले काही तुकडे मागे राहते.

मोटरचे आकार नेमा नावाच्या मानकाने ओळखले जातात. नेमा २३ म्हणजे समोरची बाजू साधारण ५७ मिमी, नेमा ३४ म्हणजे ८६ मिमी. छोट्या बेंच मिलच्या एक्स आणि वायसाठी २ न्यूटन-मीटरच्या आसपासची नेमा २३ बहुधा पुरते. दुकानदार किलो-सेंटीमीटरमध्ये सांगतो. १० किलो-सेंटीमीटर म्हणजे साधारण १ न्यूटन-मीटर.

पण प्लेटवर लिहिलेला टॉर्क मोटर उभी असतानाचा असतो. वेग वाढला की तो झपाट्याने घटतो. कारण असं की प्रत्येक पावलाला कॉइलमध्ये करंट चढावा लागतो, आणि वेग जास्त असेल तर तो पूर्ण चढण्याआधीच पुढच्या पावलाची वेळ येते. व्होल्टेज जास्त दिलं की करंट लवकर चढतो. म्हणून मोटरवर ३ व्होल्ट लिहिलेलं असतानाही ड्रायव्हरला ३६ किंवा ४८ व्होल्ट देतात. ड्रायव्हर करंट ठरलेल्या मर्यादेत रोखून धरतो, त्यामुळे मोटर जळत नाही. ५० व्होल्टपर्यंत चालणाऱ्या ड्रायव्हरला मी ३६ देणं पसंत करतो. धावती मोटर एकदम थांबवली की ती उलट वीज सोडते, तिला थोडी जागा राहिलेली बरी.

स्टेपरची खरी भीती वेगळी आहे. जोर कमी पडला तर ती पावलं चुकवते, आणि पल्स पाठवणाऱ्या कंट्रोलरला त्याचा पत्ताच लागत नाही. तो पुढचे पल्स पाठवत राहतो आणि बाकीचा सगळा जॉब सरकलेल्या जागी कापला जातो. क्लोज्ड लूप स्टेपरमध्ये मोटरच्या मागे एन्कोडर, म्हणजे मोटर किती फिरली ते मोजणारा भाग, असतो. पाऊल चुकलं तर ड्रायव्हर ते भरून काढतो, जमलंच नाही तर अलार्म देतो. तो अलार्म कंट्रोलरला जोडलेला असेल तर मशीन तिथेच थांबतं. हात करत होता त्यातलं एक काम यंत्राला परत देण्याचा हा सरळ उपाय आहे. बजेटमध्ये बसत असेल तर इथे हात आखडू नका.

कंट्रोलर, आणि आकड्यांची भाषा

ड्रॉइंग कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, होतं, कॅम सॉफ्टवेअर त्यावरून कटरचा मार्ग काढतं आणि तो जी-कोडमध्ये लिहून देतं. जी० म्हणजे न कापता वेगाने जा, जी१ म्हणजे सरळ रेषेत दिलेल्या फीडने (कापताना पुढे सरकायच्या वेगाने) कापत जा, जी२ आणि जी३ म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि उलट दिशेने गोलाईत जा. एम३ ने स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) सुरू, एम५ ने बंद. रोजच्या कामात लागणाऱ्या सूचना दहा-पंधरा असतात, आठवड्याभरात वाचता येतात. त्या वाचता यायलाच हव्यात. कॅमने दिलेली फाइल डोळे झाकून चालवू नये.

जी-कोड वाचून तिन्ही मोटरना अचूक वेळी पल्स पाठवणं हे कंट्रोलरचं काम. ग्रबल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर चालतं, शिकायला उत्तम. मॅक३ विंडोजवर चालतं आणि जुन्या पॅरलल पोर्टमधून पल्स पाठवतं; असा पोर्ट नव्या लॅपटॉपला नसतो, मग वेगळं मोशन कार्ड घ्यावं लागतं. लिनक्ससीएनसी हे अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या एका प्रकल्पातून निघालेलं मोफत सॉफ्टवेअर आहे आणि लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या जुन्या डेस्कटॉपवरही व्यवस्थित चालतं. शिकायला जड आहे, पण या सगळ्यांत मला सर्वांत भरवशाचं तेच वाटतं. कॉम्प्युटरच नको असेल तर पेन ड्राइव्ह लावून चालणारे स्वतंत्र कंट्रोलर मिळतात.

कंट्रोलर सेकंदाला किती पल्स देतो यावर फार वाद होतात. हिशेब करा: सेकंदाला २५,००० पल्स आणि मिलिमीटरला ४००, म्हणजे सेकंदाला ६२.५ मिमी, मिनिटाला ३,७५० मिमी. आता कटरला काय लागतं ते बघा. दोन दातांची ६ मिमीची एंडमिल, ३,००० आरपीएम, प्रत्येक दाताला ०.०४ मिमी: फीड निघतो मिनिटाला २४० मिमी. माइल्ड स्टीलवर १० मिमीच्या एचएसएस (हाय स्पीड स्टीलच्या) कटरने तो १०० च्या आसपास येतो. म्हणजे वेगाची मर्यादा कंट्रोलरपाशी नाहीच, ती हलक्या मशीनच्या ताठपणापाशी आहे. कॉम्प्युटर लावल्याने ओतीव लोखंडाचं वजन वाढत नाही. खोल कट घेतला तर मशीन पूर्वीइतकंच थरथरणार. पण कटरची थोडीच बाजू मालात ठेवून शेकडो हलके पास न कंटाळता घेणं कॉम्प्युटरला जमतं, आणि कॅममध्ये तसे मार्ग तयार मिळतात. हलक्या मशीनला हा मोठा फायदा आहे.

वीज

इमर्जन्सी स्टॉप हे लाल बटण सॉफ्टवेअरला नुसता निरोप देणारं नको. ते दाबल्यावर कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) पडून मोटर ड्रायव्हर आणि स्पिंडल या दोन्हींची वीज तोडली गेली पाहिजे, कॉम्प्युटर अडकला असला तरी. बटण आणि लिमिट स्विच (टेबल टोकाला पोहोचल्याचं सांगणारा) दोन्ही नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी वीज वाहती राहील असे, जोडा. वायर तुटली तर मशीन थांबेल. उलट जोडणी केली तर वायर तुटल्याचं कळेल ते टेबल टोकाला आपटल्यावर.

सिंगल फेजवर थ्री-फेज स्पिंडल मोटर चालवायची तर व्हीएफडी, म्हणजे मोटरला हव्या फ्रिक्वेन्सीची वीज देणारा ड्राइव्ह, लागतो. २३० व्होल्ट सिंगल फेज आत, २३० व्होल्ट थ्री-फेज बाहेर. मोटर २३० व्होल्टवर डेल्टामध्ये (तिन्ही कॉइल त्रिकोणात) जोडता येते का ते प्लेटवर आधी वाचा. व्हीएफडी विजेचा भरपूर गोंगाट करतो. त्याची केबल आणि लिमिट स्विचच्या वायर एकाच नळीतून नेल्या तर मशीन मध्येच खोटा अलार्म देऊन थांबतं आणि कारण सापडता सापडत नाही. शिल्डेड केबल वापरा, शिल्ड पेटीच्या बाजूला अर्थ करा, आणि गाळ्याची अर्थिंग खरी आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. जुन्या इमारतींत अर्थची पिन असते, मागे वायर असतेच असं नाही.

सामान, हवा आणि पहिली चाचणी

बेअरिंग, टायमिंग बेल्ट, कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारा भाग), कटर यांसाठी नागदेवी स्ट्रीट. ड्रायव्हर, पॉवर सप्लाय, कनेक्टर लॅमिंग्टन रोडला. कॉन्टॅक्टर, केबल, स्विच लोहार चाळीत. जाड प्लेटचे तुकडे हवे असतील तर दारूखान्यात फिरून बघा. नागदेवीला बॉल स्क्रू घेताना नट हाताने पूर्ण लांबीवर फिरवून बघा. कुठेही खरखर लागली तर घेऊ नका. नट स्क्रूवरून कधीही बाहेर काढू नका, गोळ्या सांडतात.

समुद्राकाठच्या हवेत उघडा बॉल स्क्रू पावसाळ्याच्या एका सुट्टीत गंज धरतो, आणि गोळ्यांच्या खाचेतला गंज घासून काढता येत नाही. वर भाता किंवा पत्र्याचं कव्हर लावा, वेजवर (टेबल सरकतं त्या पृष्ठभागांवर) आणि स्क्रूवर ६८ ग्रेडचं वे ऑइल नियमित द्या. कंट्रोलच्या पेटीला पंखा असेल तर जाळीसोबत फिल्टरही हवा. लोखंडाची बारीक धूळ आणि दमट हवा एकत्र आली की सर्किट टिकत नाही.

जॉब लावण्याआधी कटर न लावता चाचणी घ्या. डायल टेबलाला लावून शून्य करा. मग टेबलाला पूर्ण वेगाने १०० मिमी जा-ये करायला लावणारा छोटा प्रोग्राम चालवा, १०० फेऱ्या, आणि शेवटी शून्यावर परत आणा. सुई ०.०१ च्या आत आली तर ॲल्युमिनियमचा तुकडा वाइसमध्ये धरून वर्तुळ आणि चौकोन कापून बघा. सुई सरकलेली असेल तर ती कशी सरकली ते पाहा. फेऱ्या वाढवल्या तरी फरक तेवढाच राहत असेल तर तो प्ले आहे. नट आणि बेअरिंगकडे परत जा. फरक फेऱ्यांबरोबर वाढत असेल तर पावलं हरवतायत; वेग किंवा ॲक्सिलरेशन कमी करून पुन्हा बघा. वेग निम्मा केला तरी फरक तेवढाच येत असेल, समजा १०० फेऱ्यांत बरोबर ०.२५ मिमी, तर दर फेरीत एक पल्स जातोय. म्हणजे ड्रायव्हर पल्सची चुकीची कड वाचतोय. सॉफ्टवेअरमध्ये स्टेप सिग्नल उलटा करा. आणि फरक कधी कमी, कधी जास्त, काही मेळच लागत नसेल, तर पाना घेऊन कपलिंगचे ग्रब स्क्रू तपासा. सुरुवातीलाच क्लॅम्पचं कपलिंग घेतलं तर ही शेवटची तपासणी सहसा करावी लागत नाही.